विनूदादा, तुझ्या 'शोध'ला मी हात लावला

विनूदादा,

परवा तुझं तेरावं झालं आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते काम बाकीच्यांनी केलंय. सटाण्याहून आलेले तुझे चुलते, अंबडच्या कारखान्यातली माणसं, शेजारपाजारचे, सगळ्यांचं एकच पालुपद. "विनायक म्हणजे देवमाणूस. कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही." मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि तळपायाची आग मस्तकाला जात होती. शेवटी उठून स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "वहिनी, हा माणूस एकदा तरी चढ्या आवाजात बोलला असता ना, तर आज ही पंगत वाढायची वेळ आली नसती." वहिनी काहीच बोलली नाही. तुझ्याकडूनच शिकली, दुसरं काय.

आपलं भांडण बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून जरा पहिल्यापासून सांगते. तुला पाल्हाळ आवडत नाही, ठाऊक आहे. ऐकून घे.

तू माझा मावसभाऊ. डिप्लोमाला नाशिकला आलास तो आमच्या पंचवटीतल्या घरी राहिलास आणि पुढे अंबडला, वीजपेट्या बनवणाऱ्या कारखान्यात लागलास. पत्र्याची दारं, पत्र्याच्या पाठी, त्यांत शेकड्यांनी भोकं: बिजागरीचं, दिव्याचं, कुलपाचं. नव्वदीतली गोष्ट. शेठने कॉम्प्युटरवर चालणारं ड्रिलिंग मशीन आणलं आणि त्याला प्रत्येक भोकाची जागा आकड्यांनी सांगता सांगता सगळ्यांचे डोळे पांढरे व्हायची पाळी आली. तेव्हा तू स्वतःची एक भाषा बनवलीस. भोकांना नावं द्यायची, नावांच्या याद्या करायच्या आणि सगळं कंसात लिहायचं. ती वाचून मशीनला सांगणारा प्रोग्रॅम, ज्याला इंटरप्रिटर म्हणतात, त्याला आपण 'दुभाष्या' म्हणायचो. एक वाक्य वाचलं की लगेच करायचं, मग पुढचं. कंस इतके की कारखान्यात तुझं नाव कंसमामा पडलं. तू हसलास आणि आणखी एक कंस घातलास.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, स्थळं बघणं चालू होतं. एकदा मी मेथी निवडत असताना तू समोर येऊन बसलास. "सुमे, यादी म्हणजे काय सांगू? ही जुडी. हातात येते ती पहिली काडी आणि मागं राहते ती उरलेली जुडी. पहिली निवड. मग उरलेल्या जुडीचं काय करायचं? तेच. जुडी संपली की थांबायचं. झाली तुझी कॉम्प्युटरची भाषा." मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? "एवढंच. लोक उगाच बाऊ करतात." दुसऱ्या आठवड्यात मला घेऊन तू अंबडला गेलास आणि शेठला म्हणालास, ही माझ्या हाताखाली काम करेल. दादा, बाकीचं भांडण नंतर. त्या दिवशी तू मला मेथीच्या ढिगातून उचलून उभं केलंस, हे मी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. आता म्हणते.

माझ्याकडे आली ती 'घरची कामं'. म्हणजे दुभाष्याला जन्मापासून येणारी बारीकसारीक कामं, कुणी शिकवायची गरज नाही अशी. यादीत किती आहेत ते मोजणारं 'लांबी', दोन याद्या सांधणारं 'जोड', शेवटून सुरुवात करणारं 'उलट', नावावरून भोक हुडकणारं 'शोध'. लोक आपापल्या फायलींत लिहितात ती बाहेरची कामं, पण सगळी उभी या घरच्यांवर. मी 'उलट' लिहिलं आणि मोठ्या तोऱ्यात दाखवलं. तू मूळ यादी पुन्हा छापायला लावलीस. तिची पार वाट लागली होती. ओरडला नाहीस. "सुमे, कुणी आपल्याला यादी दिली तर ती त्याची असते. तू नवी बनवून दे, त्याची मोडू नकोस." आज माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी पोरांना हेच सांगते, आणि तुझ्याइतक्या शांतपणे मला अजून सांगता येत नाही.

'शोध' मात्र तू स्वतः लिहिलंस, आणि तिथंच आपली जुंपली. शोधायला सांगितलेलं नाव यादीत नसेल तर काय करायचं? मी म्हणत होते, काम थांबवायचं आणि पडद्यावर ठळक सांगायचं, हे सापडलं नाही. तू म्हणत होतास, गपचूप रिकामी यादी परत द्यायची आणि पुढं चालायचं. बरं, रिकाम्याचा पहिला मागितला तरी रिकामंच, आणि रिकाम्याची बेरीज करायला गेलं तर शून्य धरायचं. "अरे, पण लिहिणाऱ्याची चूक झाली असेल तर?" "रिकामं म्हणजे चूक नव्हे, सुमे. जुडी संपली की हात रिकामाच होतो ना? तेव्हा कुणी बोंब मारतं का?" मी म्हटलं, जुडी संपणं वेगळं आणि भाजीवालीने जुडी दिलीच नाही हे वेगळं. तू हसलास. पालथ्या घड्यावर पाणी.

तू असा का, ते मला माहीत होतं. काकांचा, म्हणजे तुझ्या वडिलांचा आवाज सटाण्याच्या घरात कसा घुमायचा ते लहानपणी सुट्टीत तिकडं गेल्यावर मी ऐकलेलं. पाण्याचा तांब्या सांडला तरी अख्खी आळी गोळा व्हायची. मावशी पदराआड, तू कोठीत. एकदा चहा पिताना तूच म्हणालास, "मी बनवलेली कुठलीही वस्तू माणसावर ओरडणार नाही." हे ऐकल्यावर काय बोलणार? तरीही मी म्हटलं, ओरडणं वेगळं आणि सांगणं वेगळं. तू कप धुवायला उठून गेलास.

मग ती खंडेनवमी. तिच्याबद्दल आपण पुन्हा कधीच नीट बोललो नाही, म्हणून आज सगळं बोलते.

कारखान्यात सकाळपासून झेंडूच्या माळा. मशीनला हळदीकुंकू, पान्यांना हळदीकुंकू, कॉम्प्युटरलासुद्धा. पूजा झाली की प्रत्येक मशीनवर एक मुहूर्ताचं काम करायचं आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. ड्रिलवर नव्या पत्र्यात एकच भोक पाडायचं होतं. तू त्याला नाव दिलंस 'मुहूर्त', ते घालून नवी यादी केलीस आणि फ्लॉपीत घेतलीस. आणि कुणीतरी भाविकपणे ती फ्लॉपीही पूजेच्या ताटात ठेवली. कुंकू लावून, झेंडूखाली. मशीनजवळच्या कॉम्प्युटरमध्ये राहिली ती आदल्या दिवशीची जुनी यादी. तुला वाटलं फ्लॉपी घातलीय. घालणाऱ्याला वाटलं तू घातलीस.

ताट तुळशीरामने मशीनच्या शून्याच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. तुळशीराम सुरगाण्याकडचा, त्या मशीनचा ऑपरेटर. तो कोपरा म्हणजे जिथून सगळी मापं सुरू होतात ती जागा. तिथं कधीच भोक नसायचं, ड्रिल तिकडं फिरकायचंही नाही. म्हणून चहाचे ग्लास तिथं, रुमाल तिथं, आणि त्या दिवशी पूजेचं ताटही तिथंच. शेठ घाई करत होते, "विनू, चल लाव, वेळ टळतेय." तू 'मुहूर्त' पाड असा हुकूम लिहिलास आणि बटण दाबलंस. तुळशीराम ताट नीट सरकवायला वाकला होता.

'शोध'ने जुन्या यादीत 'मुहूर्त' हुडकलं. नव्हतं. त्याने काही न बोलता रिकामं दिलं. नेहमीच्या फायली रिकामं आलं की ते भोक सोडून देतात, या घाईच्या हुकमात तसं काही नव्हतं. रिकाम्याचं आडवं माप शून्य, उभं माप शून्य. ड्रिलचं डोकं फिरलं आणि सरळ कोपऱ्याकडं आलं. बाई ग! मी तुझ्या मागंच उभी होते. "तुळशीराम, हात!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. ताटाची कड फाटल्याचा आवाज झाला आणि तुळशीरामने हात ओढला तो लाल. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं कळेना. तू लाल बटणावर मूठ आपटलीस, स्वतःचा शर्ट काढून त्याच्या पंजाला आवळलास आणि त्याला धरून शेठच्या गाडीत बसलास. दवाखान्यात पोचेपर्यंत पुढच्या सीटवरून मी ऐकत होते. तुळशीरामच तुला समजावत होता, "भाऊ, लय नाय लागलं. अंगठा हाय जागेवर."

अंगठा राहिला, पण पुरता वाकत नाही अजून.

कारखान्यात जो तो आपापलं बोलत होता. शेठ म्हणाले फ्लॉपीचा घोळ. पूजा सांगणारे म्हणाले शस्त्राने बळी मागितला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, फ्लॉपीचा घोळ माणसाचा आहे आणि तो पुन्हाही होईल, पण 'शोध' बोललं असतं तर ड्रिल हललंच नसतं. तू मान खाली घालून ऐकलंस. पुढचे कित्येक दिवस कामावरून सुटलास की आधी तुळशीरामच्या खोलीवर जायचास, त्याला जेवू घालायचास. आणि दुभाष्यात काय केलंस? ड्रिलच्या कामाला कुंपण घातलंस, की शून्याच्या कोपऱ्यात जायचं नाही. 'शोध' जसंच्या तसं! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी तुला भर शेडमध्ये विचारलं, "दादा, उद्या रिकामं दुसरीकडं कुठं गेलं तर?" तू म्हणालास, "'शोध'ला हात लावायचा नाही. सगळ्या जुन्या फायली त्याच्यावर चालतात. कित्येक पेट्यांना दिवाच नसतो, तिथं शोधून रिकामं येणंच बरोबर आहे." "मग तुळशीरामचा हात?" तू म्हणालास, "तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही." आणि निघून गेलास. त्याच महिन्यात मी काम सोडलं.

पुढची वर्षं आपण भांडत राहिलो ते लग्नकार्यात, भाऊबिजेला, ओवाळून झाल्यावर ताट हातात असतानाच. माझे यजमान म्हणायचे, बाकीच्यांच्या बहिणी साडी मागतात, ही 'शोध' बदल म्हणते. तू पाकीट ताटात टाकायचास आणि म्हणायचास, "बदलतो की." कधी बदललं नाहीस.

आणि मग गेलं वर्ष. दिवाळीला तू पाटावरून उठताना टेबलाची कड घट्ट धरलीस. मी विचारलं, काय रे? "काही नही व, सुमे. ॲसिडिटी शे." सटाण्याची बोली तुझ्या तोंडात कधी यायची ते मला माहीत नव्हतं का? दुखत असलं की यायची. मी वहिनीकडं बघितलं, ती माझ्याकडं बघत होती. उन्हाळ्यात तुझ्या कमरेच्या पट्ट्याला नव्या जागी भोक पाडलेलं दिसलं. म्हटलं, डॉक्टरला दाखव. "दाखवलंय." दाखवलं नव्हतंस. शेवटी वहिनीने रडून ओरडून नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, इतके दिवस हा माणूस जेवत कसा होता? तुझं पोट दाबून त्यांनी विचारलं, कुठं दुखतं? तू छताकडं बघत म्हणालास, "विशेष काही नाही." मला वाटलं, उठावं आणि तुझ्या थोबाडीत द्यावी. देवाशपथ. दादा, ते डॉक्टर होते. ते काका नव्हते. तिथं कुणी ओरडणार नव्हतं तुझ्यावर.

एवढं बोलायला काय जात होतं तुझं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझ्या झाकल्या मुठीत काय निघालं ते वहिनीने आणि मी बघितलं. मला राग येतो. भात कालवताना येतो, गाडी चालवताना येतो, क्लासमध्ये एखादं पोर "काही नाही मॅडम" म्हणालं की येतो. आणि तू नाहीस हे आठवलं की त्या रागाचं काय करायचं ते कळत नाही.

काल वहिनीने तुझा कॉम्प्युटर माझ्या पुढ्यात आणून ठेवला. म्हणाली, "शेठचा फोन होता, मशीनचं आता कोण बघणार विचारत होते. तूच बघ." मी काम सोडल्यापासून इतकी वर्षं तू मला दुभाष्याच्या आत डोकावू दिलं नव्हतंस. उघडला. काय सुबक लिहिलंयस रे! 'लांबी' आहे, 'जोड' आहे. माझं 'उलट' आहे, अक्षराचाही फरक न करता. आणि 'शोध', आठ-दहा ओळींचं. यादी संपली तर रिकामं दे, अशी एक ओळ. मी तिच्याकडं बराच वेळ बघत बसले. वहिनी दोनदा चहा ठेवून गेली. मला वाटलं, गेलेल्या माणसाच्या वस्तूला त्याच्या इच्छेविरुद्ध हात लावावा का? मग तुळशीरामचा अंगठा आठवला. आणि खरं सांगू, दवाखान्यातलं तुझं ते छत आठवलं. मी ती ओळ खोडली. तिथं लिहिलं, थांब, आणि काय सापडलं नाही त्याचं नाव सांग. ओरडणारं काही लिहिलं नाही. उद्गारचिन्हसुद्धा घातलं नाही.

आज सकाळी जाऊन नवा दुभाष्या अंबडच्या मशीनवर चढवला. तुळशीरामला समजावलं की आता हे मध्येच थांबेल, घाबरू नको, मला फोन कर. तो म्हणाला, "थांबलं तर बरंच हाय ना, ताई." घरी येऊन हातपाय धुते तोवर फोन वाजला.

"ताई, थांबलंय. मी काय नाय केलं, आपलं आपणच थांबलं. पडद्यावर लिहून आलंय, 'कुलूप' सापडलं नाही."

दादा, खरं सांगते, माझा पहिला आनंद असा होता की चपला घालून तुझ्या घरी पळत यावं आणि म्हणावं, बघ! सांगत नव्हते? मी चपला खरंच घातल्या. मग दारातच उभी राहिले.

तुळशीराम फोनवर सांगत होता. फाईल जुनी आहे, तुझ्या हातची, नेहमी चालणारी. पेटीचं दार आहे. यादीत कुलपाचं भोक नाही. "हे दार बिनकुलपाचंच जातं, का भोक घालायचं राह्यलंय, ते मला काय उमजत नाय. आजवर पत्रा खाली यायचा, गाडीत चढायचा. कुणी बघितलंच नाय." मलाही सांगता येईना. बिनकुलपाचं असेल तर तुझं बरोबर आणि मी तुझी चालती फाईल बंद पाडली. राहून गेलं असेल तर माझं बरोबर. फाईल बघून दोन्ही सारखंच दिसणार.

"मंग असं करा ना ताई," तुळशीराम म्हणाला, "विनूभाऊंना विचारून सांगा."

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. पलीकडून नुसता शेडमधला आवाज येत राहिला. माफ करा, असं काहीतरी तो पुटपुटला. मी म्हटलं, "राहू दे. मशीन बंद ठेव. विचारते मी."

म्हणून बसले आहे. तुळशीराम तिकडं हात बाजूला घेऊन उभा आहे, पत्रा मशीनवर चढवलेला आहे आणि पुढचं काम अडलंय. तुझंच बरोबर निघालं तर मी ती ओळ माझ्या हाताने परत घालीन, शब्द देते. मला जिंकायचं नाही रे आता. त्या दाराला कुलूप होतं का नव्हतं, एवढं फक्त सांग.